दसरा उसवून शिवलेला सदरा

‘दसरा उसवून पुन्हा शिवला, पुरुषाने घातला (३)’

या एका सूचनेसाठी मी तो दिवाळी अंक अजून रद्दीत जाऊ दिलेला नाही. अंक वस्त्रविशेष होता. आत पैठणीवर लेख, खादीवर लेख, नाटकांच्या वेशभूषेवर एक लांबलचक मुलाखत, आणि शेवटून दुसऱ्या पानावर अकरा बाय अकरा चौकटींचं शब्दकोडं. नाव ‘कपडेपट’. कोडं रचणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. वर फक्त दोन ओळी होत्या: बहुतेक उत्तरं कपड्यांची आहेत, जी नाहीत ती कपड्यांतूनच निघाली आहेत, शिवणटिपणाचं क्रियापद दिसलं तर तिथे थांबा.

शब्दकोडी मी कॉलेजात असल्यापासून सोडवते, पुरवण्यांतली मराठीही आणि इंग्रजी गूढ कोडीही. दोन्हींचा स्वभाव वेगळा. मराठी कोड्यात सहसा ‘कमळ (३)’ असं येतं, कंसात उत्तराच्या अक्षरांची संख्या, आणि पंकज, सरोज, नीरज, जलज यांतलं कुठलं बसतंय ते आपण उभ्या शब्दावरून ठरवतो. शब्दसंग्रहाचा खेळ म्हणून तो चांगलाच आहे. गूढ कोड्यात मात्र प्रत्येक सूचनेचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या भागात ते उत्तर अक्षरांतून कसं घडवायचं याची कृती, आणि दोन्ही भाग एका साध्या वाक्यात असे मिसळलेले की सांधा दिसू नये. सांधा सापडला की उत्तर तिथेच पक्कं होतं. पडताळायला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

मराठीत असं कोडं होणारच नाही, हे मी पुष्कळ जणांकडून ऐकलं आहे. कारणं ठरलेली: काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, विभक्तीचे प्रत्यय, तीन लिंगं. मला ते कधी पटलं नाही, पण समोर ठेवायला हातात काही नव्हतं. आता आहे. म्हणून ‘कपडेपट’ कसं सुटत गेलं ते जरा बैजवार लिहिते.

दसऱ्याची सूचना आधी घेऊ. ‘उसवून पुन्हा शिवला’ ही कृती. दसरा या शब्दाचे टाके सोडवायचे: द, स, रा. आता हेच तुकडे वेगळ्या क्रमाने जोडायचे: स, द, रा. सदरा. ‘पुरुषाने घातला’ हा अर्थ. इंग्रजीत अक्षरं उलटसुलट करायची असली की सूचनेत मोडतोड, गोंधळ, दारू पिऊन झिंगणं असलं काहीतरी येतं. इथे त्या जागी शिंप्याचं काम आलं. शिवाय दसऱ्याला नवा कपडा शिवायची रीत आहेच, त्यामुळे वाक्य वाचताना कुठेच खटकत नाही. अशी जुळणी रचणाऱ्याला सापडली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत होते.

आणि ‘घातला’ हे क्रियापद उगीच आलेलं नाही. मराठीत कपडा अंगावर चढवायला एक क्रियापद पुरत नाही. सदरा घालतात, धोतर नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, पदर घेतात. शिवलेलं असेल तर घालायचं, न शिवलेलं कमरेला गुंडाळायचं असेल तर नेसायचं. म्हणजे क्रियापद नीट वाचलं की कपड्यांचं निम्मं कपाट आपोआप बाद होतं. पुढच्या प्रत्येक सूचनेत मी आधी क्रियापदाखाली रेघ मारली, बाकीचं नंतर वाचलं. हे कोडं सोडवण्याची माझी पद्धत म्हणाल तर तेवढीच.

मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. १ आडवा: ‘दुय्यम लढाया खांद्यावर घेतल्या (४)’. लढाई म्हणजे रण, अनेक लढाया म्हणजे रणे. दुय्यम म्हणजे उप, जसा उपसंपादक, उपसभापती. उप आणि रणे: उपरणे. खांद्यावर तेच असतं. उपरणं हा शब्द मी जन्मभर ऐकत आले, लग्नामुंजींत पाहत आले, आणि त्यात युद्ध लपलेलं आहे हे कधी दिसलं नव्हतं. व्युत्पत्ती अर्थातच ती नाही, कोड्याला तिच्याशी देणंघेणंही नाही.

उपरणेच्या दुसऱ्या चौकटीतून एक तीन अक्षरी शब्द खाली उतरत होता, म्हणजे प ने सुरू होणारा. सूचना: ‘नातं असलं तर लागतो, पैसे कमी पडले तर मोडतो (३)’. घरात लग्न जमवताना ‘त्यांचा आपला पदर लागतो’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना वेळ लागणार नाही. आणि पदरमोड तर महिनाअखेरीला सगळेच करतात. पदर लिहिलं. एका साडीच्या टोकाने मराठीत किती काम केलंय बघा: पदरी पडतं, पदरचं जातं, पदर पसरावा लागतो, दोरीला तीन पदर असतात, कवितेलाही असतात. इतक्या ठिकाणी वावरून वावरून त्यातलं कापडच दिसेनासं झालंय. या कोड्यातली खरी अडचण हीच होती. शब्द माहीत नसण्याची अडचण कमी, माहीत असलेल्या शब्दात पुन्हा कपडा दिसण्याची जास्त.

पदरच्या र वरून आडवा शब्द: ‘दुसऱ्याची पट्टी साडीखाली (४)’. पट्टी म्हटल्यावर नजर कापडाच्या पट्टीकडे जाते, फॉल-पिकोकडे जाते. पण घरपट्टी, पाणीपट्टी यांतली पट्टी म्हणजे कर. दुसऱ्याचा म्हणजे पर. परकर. दुसरं अक्षर र हवं होतं, तेही बसलं. ही सूचना मला सगळ्या कोड्यात सर्वांत घट्ट विणलेली वाटते. एकही शब्द जास्तीचा नाही.

इथे चौकटींबद्दल थोडं सांगते. शब्दकोड्याचा हा आराखडा मूळ इंग्रजीतला. १९१३ च्या २१ डिसेंबरला ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांचं शंकरपाळ्याच्या आकाराचं कोडं छापून आलं, तिथून ही प्रथा पसरली. तो आराखडा २६ अक्षरांसाठी होता. आपल्याकडे एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे जोडाक्षरं धरायच्या आधीच ४०० च्या वर शक्यता. त्यामुळे रचणाऱ्याला दोन शब्द एकमेकांत अडकवणं फार कठीण जातं, आणि मराठी कोड्यांत काळ्या चौकटी जास्त दिसतात त्या म्हणूनच. पण सोडवणाऱ्याला याचा उलटा फायदा आहे. इंग्रजीत शब्दाच्या मधोमध ई मिळाला तर हाताला काहीच लागत नाही. मराठीत एका चौकटीत ‘ठी’ किंवा ‘द्र’ मिळालं तर उरलेले शब्द बोटांवर मोजता येतात. काना-मात्रांची अडचण म्हणून ज्यांनी मान हलवली, त्यांनी ही दुसरी बाजू पाहिलेली नाही.

परकरच्या क पासून एक लांब शब्द खाली जात होता. ‘सुताराच्या हातातलं, म्हाताऱ्याच्या हातातलं, मिळून भंडाऱ्याचं टसर (६)’. सुताराच्या हातात पटाशी, रंधा, वाकस, करवत. क ने सुरू होणारी करवत. म्हाताऱ्याच्या हातात काठी. क-र-व-त-का-ठी, सहा. टसर म्हणजे एक प्रकारचं रेशीम. जोडून वाचलं तर शब्द झाला, पण अशी साडी असते का याची मला खात्री हवी होती. माझ्या सासूबाईंचं माहेर भंडाऱ्याचं.

“अहो आई, करवतकाठी नावाची साडी असते का हो?”

“अगं, माझ्या लग्नातली आहे की! तू पाहिली नाहीस?” असं म्हणत त्यांनी कपाट उघडलंच. मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली साडी काढून पलंगावर पसरली. अंगाला टसरचा मूळचा मधासारखा रंग, हाताला किंचित खरखरीत. काठ लालभडक, आणि काठाची जी बाजू साडीच्या अंगाकडे येते तिथे ओळीने त्रिकोणी दात. सगळे एका मापाचे, टोकं एका रेषेत. करवतीचे दात म्हणून करवतकाठ. “हे छापलेले नाहीत, विणलेले आहेत,” आई म्हणाल्या आणि साडी उलटी करून मागची बाजू दाखवली. तिथेही दात तसेच होते. त्यांनी दातांवरून नख फिरवून दाखवलं तेव्हा लाल धागा टसरमध्ये जिथे वळतो ती जागा बोटाला कळली. नागपूर-भंडारा भागातल्या विणकरांचं हे काम. मी आजवर नावही ऐकलं नव्हतं, आणि साडी माझ्या शेजारच्या खोलीत होती.

त्यानंतर आई खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसल्या त्या शेवटपर्यंत.

करवतकाठीच्या व वरून आडवा जाणारा शब्द त्यांनीच सोडवला. ‘रानात झाड, घरात मशीनवर (३)’. “शिवण,” त्या म्हणाल्या. शिवण नावाचं झाड असतं, पिवळी फुलं येतात, लाकूड हलकं आणि टिकाऊ. विदर्भातल्या जंगलात वाढलेल्या माणसाला हे विचारावंच लागत नाही. मी त्या जागी नुसती शिवणकामाची खटपट करत बसले असते. खाली ‘का’ वर संपणारा तीन अक्षरी शब्द: ‘जरी लागली की मराठ्यांचं निशाण (३)’. जरीपटका हा मराठ्यांचा ध्वज, त्यातली जरी बाजूला ठेवली की डोक्याला बांधायचा पटका उरतो.

डावी बाजू अशी भराभर भरली. मधल्या भागात छोटे शब्द होते, आणि शिवणकामाची क्रियापदं खरी तिथे कामाला लागली. ‘रवा उलटा घालून लुगडं मोजलं (२)’: रवा उलटा वाचला की वार. नऊ वारांचं लुगडं, म्हणजे आजच्या मापात सव्वाआठ मीटरच्या आसपास. ‘अंगरखा घेऊन दोन्ही काठ कापले, कवठात सापडला (२)’: अं आणि खा कापले, गर उरला. ‘खुशाल पहिला टाका उसवून पांघरा (२)’: खु गेला, शाल राहिली. उलटा घालणं म्हणजे शब्द उलटा वाचणं, काठ कापणं म्हणजे पहिलं आणि शेवटचं अक्षर काढणं, एक टाका उसवणं म्हणजे एक अक्षर सोडणं. गूढ कोड्याला लागणारी सगळी अवजारं शिंप्याच्या दुकानात आयती मिळाली.

या तीन सूचना ओळीने वाचल्यावर मला रचणाऱ्याची एक युक्ती दिसली, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मराठीत नामाला प्रत्यय लागला की नामाचं रूपच बदलतं. अंगरखा चा अंगरख्याचे होतो, दसरा चा दसऱ्याला. अक्षरांशी खेळायचं असेल तर हे फार जाचक, कारण ‘ख्या’ आणि ‘खा’ या दोन वेगळ्या चौकटी. पण निर्जीव वस्तू वाक्यात कर्म म्हणून आली तर तिला प्रत्यय लागत नाही. रवा घालून, अंगरखा घेऊन, दसरा उसवून. रचणाऱ्याने खेळवायचं नाम प्रत्येक वेळी कर्माच्या जागी बसवलंय, म्हणजे ते कोरंच्या कोरं हाती येतं. विभक्तीमुळे मराठीत गूढ कोडं होत नाही म्हणणाऱ्यांना मी हे तीनच शब्द दाखवेन.

लिंगाचंही तसंच. एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन सूचना करायची तर दोन्ही अर्थांचं लिंग सारखं नसतं आणि क्रियापद लगेच चहाडी करतं. यावर एक उपाय म्हणजे क्रियापदच गाळायचं. ‘पाहुणे वाढले की आमटी, सण आला की आजी (३)’. आमटी पातळ होते, आजी पातळ नेसते. दोन्ही क्रियापदं वाचणाऱ्याने मनात भरायची. आईंना ही इतकी आवडली की त्यांनी ती लगेच फोन करून त्यांच्या बहिणीला ऐकवली. दुसरा उपाय उलटा: लिंग उघडं करून टाकायचं आणि वाचणाऱ्याला त्यातच अडकवायचं. ‘दुकानदाराने दिली, नवरदेवाने घातला (२)’. ती सूट, तो सूट.

सगळ्याच सूचना अशा सरस नव्हत्या. ‘विहिरीसाठी हुकूम, ओटीसाठी कापड, कपाटातला कप्पा (२)’ ही मला सैल वाटली. खण या शब्दाचे तीन अर्थ ओळीने मांडले, बस. दोनच दिले असते आणि त्यांचं एक वाक्य केलं असतं तर मजा आली असती. ‘ठाणे पूर्वेला उतरून अंगात घातली (३)’ ही सूचना ठाणेकरांना फुकट आणि गडचिरोलीच्या माणसाला अन्यायाची. आम्ही ठाण्यात राहत असल्यामुळे कोपरी लगेच आली. कोपरी म्हणजे कोपरापर्यंतच्या बाह्यांची बंडी, हे मात्र हल्ली ठाण्यातही किती जणांना माहीत असेल कोण जाणे. ‘खिशात एक, पेशवे दप्तरात हजारो (३)’ मला आवडली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गठ्ठ्यांना रुमालच म्हणतात. हे ठाऊक नसेल तरी रुमाल हे उत्तर खिशावरून येतं. ठाऊक असेल तर सूचना दुप्पट खुलते. चांगल्या सूचनेची माझी कसोटी हीच आहे.

उजवीकडचा कोपरा जास्त चिवट निघाला. तिथे एकमेकांना छेदणारे दोन चार अक्षरी शब्द होते आणि दोन्हींच्या सूचना सारख्याच मोघम. आडवा: ‘हळद लागलेलं आभाळ देव नेसला (४)’. उभा: ‘दाही बाजूंनी झाकलेला, तरी उघडा (४)’. आभाळ म्हणजे अंबर, आणि अंबर म्हणजे वस्त्रही. संस्कृतातून आलेल्या या एका शब्दाला कोड्यात दोन्ही कामं करायला लावली होती. देव नेसतो ते पिवळं अंबर. ‘नेसला’ वाचूनच आई म्हणाल्या, “विठोबाचा पितांबर.” उभ्या शब्दात दाही दिशाच ज्याचं वस्त्र, तो दिगंबर. दोन्हींत तिसरं अक्षर ब, आणि छेदही तिथेच. जैन साधूंसाठी आपण हा शब्द रोज वाचतो, दत्ताच्या आरतीनंतर ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणतो, आणि त्यात एक कपडा आहे, तोही दिशांचा, हे किती वेळा ध्यानात येतं?

पण पहिल्या चौकटीत पी की पि? बोलताना आपण सगळे पितांबरच म्हणतो. आई पि वर ठाम होत्या, त्यांच्या मते ओव्यांत आणि आरत्यांत सगळीकडे पितांबरच असतं. मी म्हणत होते, मूळ शब्द पीत, दीर्घ. छापील कोड्यांत ऱ्हस्व-दीर्घाची ही कुरबुर नेहमीची, आणि बरेच रचणारे ती सोडवणाऱ्यावर ढकलून मोकळे होतात. इथे पहिल्या चौकटीवर वरून एक दोन अक्षरी शब्द येऊन संपत होता. ‘आपण घातली तर ऊन लागत नाही, दुसऱ्याने घातली तर पैसे लागतात (२)’. टोपी. शब्दाच्या शेवटी दीर्घ, तिथे वादाला जागाच नाही. म्हणजे पीतांबरही दीर्घ. रचणाऱ्याने तो शब्द त्या चौकटीवर याच कारणासाठी आणून ठेवला असणार असं मला वाटतं. एखाद्याने आपल्यासाठी घेतलेली अशी काळजी हाताला लागली की कोड्यावरचा विश्वास वाढतो, आणि पुढची अवघड सूचना सोडून द्यावीशी वाटत नाही.

खाली उजवीकडे दोन मोठे शब्द राहिले होते. दोन्ही मला संक्रांतीकडे घेऊन गेले, एक सोलापूरमार्गे. ‘डझनभर कैदी सोलापूरच्या यात्रेत अंगावर (४)’. कैदी म्हणजे बंदी, डझन म्हणजे बारा. बाराबंदी. बटणाऐवजी बारा बंद बांधून घालायचा तो अंगरख्यासारखा कपडा. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि भाविक पांढरी बाराबंदी घालतात, ते मी लहानपणी मामाकडे गेले असताना पाहिलं होतं. बंद आणि बंदी यांत कापडाची नाडी आणि माणसाची कैद इतकी जवळ आहेत, हे त्या सूचनेने दाखवलं.

दुसरा: ‘अमावास्येच्या अंगावर चंद्राचं नाव (४)’. इथे चौकटी मोजणं महत्त्वाचं होतं. दुसऱ्या चौकटीत मला उभ्या शब्दावरून ‘द्र’ मिळाला होता. द्र एका चौकटीत, अनुस्वार आधीच्या अक्षरावर: चं, द्र, आणि अजून दोन. संक्रांतीला नेसायची काळी साडी, चंद्रकळा. साडी काळीभोर, आणि तिचं नाव चंद्राच्या कलेवरून. असं नाव ज्या कोणी पहिल्यांदा ठेवलं त्या माणसाला गूढ सूचना लिहिता आली असती. रचणाऱ्याला इथे काही करावंच लागलेलं नाही, भाषेने सूचना आधीच लिहून ठेवली होती. त्याने ती ओळखली, हे त्याचं मोठेपण.

शेवटी एक दोन अक्षरी शब्द उरला. ‘‘तरी’ नंतर येऊ दे, आधी पदर चमकू दे (२)’. कोपरी या उभ्या शब्दाच्या शेवटच्या ‘री’ वर हा आडवा शब्द संपत होता. तरी म्हणजे रश्श्यावरचा तेलाचा तवंग, म्हणून मी आधी मिसळीकडे पाहिलं, मग नावेकडे. जुन्या मराठीत नावेलाही तरी म्हणतात. पदर चमकतो तो मोरांनी, कलाबतूने, बुट्ट्यांनी. आईंनी करवतकाठी अजून घडी करून ठेवलेली नव्हती, तिच्यावर मात्र जर अजिबात नाही, त्यामुळे तिच्याकडे पाहून काही सुचण्यासारखं नव्हतं. मग मी ‘नंतर’ आणि ‘आधी’ हेच शब्द पुन्हा वाचले. वाक्यात तरीच्या आधी काय येतं? पाऊस आला जरी, छत्री घेतली नाही तरी. जरी! सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार, आणि व्याकरणातलं एक उभयान्वयी अव्यय. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एक फारसीतून आलेला, दुसरा घरचा. पण चौकटीत दोघांना दोनच घरं लागतात आणि दोन्ही ती तंतोतंत भरतात. आणि गंमत म्हणजे पटका या शब्दाच्या सूचनेत ‘जरी लागली की’ असं त्याने डाव्या बाजूला उघडपणे लिहूनच ठेवलं होतं.

कोडं भरलं. मी अंकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, रचणाऱ्यापर्यंत पोचवा म्हणून. त्यात दोन मागण्या केल्या: पुढच्या वर्षी नाव छापा, आणि भांड्याकुंड्यांवर असंच एक कोडं करा. तांब्या, पेला, पाट, वाटी, झारा, सगळे शब्द वाट पाहत उभे आहेत. ‘वाटी’ मध्ये वाट आहे, ‘झारा’ उलटा केला की काहीच होत नाही, पण ‘पेला’ म्हणजे भार उचला असाही अर्थ होतो, हे मी पत्रातच लिहून टाकलं.

आई मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी स्वतःची एक सूचना केली, आणि ती मला ‘कपडेपट’ मधल्या चांगल्या सूचनांच्या पंक्तीत बसवावीशी वाटते. उत्तर मी सांगत नाही.

‘वैद्याने पाहिली, ज्योतिषाने वाचली, आजीने परकरात ओवली (२)’